लग्नाआधी 'सगळ्या' टेस्ट: बेळगावात करू की सरळ कोल्हापूर गाठू?

मलप्रभेकाठी (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. नेहमीचा आयडी बाजूला ठेवून हा नवा काढलाय, कारण इथं निम्मं खानापूर वाचायला असतं.

वय २९. गाव खानापूर तालुक्यात, जंगलाकडच्या अंगाला. पाच वर्षं मडगावात हॉटेल लाईनला होतो, आता बेळगावात नोकरी. दिवाळीनंतर लग्न ठरतंय, मुलगी उचगावकडची. मडगावात मी काही साधुसंत नव्हतो, एवढ्यावर समजून घ्या. तब्येत ठणठणीत आहे, काही दुखत नाही की खुपत नाही. पण आपल्यामुळं तिला काही लागलं तर, हा किडा रात्री डोकं खातो. एचआयव्ही आणि त्याच्या जोडीला जे काय असेल ते एकदा तपासून मोकळं व्हायचंय.

अडचण अशी की सरकारी दवाखान्यात माझा सख्खा चुलता कामाला आहे. खाजगी लॅबमध्ये जावं तर रक्त काढणारी मुलगी आमच्या मास्तरांची. म्हणून म्हटलं, शनिवारी पहाटेची कोल्हापूर गाडी धरावी आणि संध्याकाळी परत. घरी सांगायला अंबाबाई आहेच. असं कुणी केलंय का? आणि नेमक्या कुठल्या टेस्ट मागायच्या?

अनगोळचा_नाना
अंबाबाईचं नाव सांगून जाताय तर दर्शन तरी घेऊन या. तेवढंच खोटं कमी.

तंबाखू_निपाणी
मी केलंय! आमच्या निपाणीहून कोल्हापूर म्हणजे तासाभराची वाट. २०१६ ची गोष्ट. सीपीआरमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, केसपेपरच्या रांगेत उभा होतो, मान खाली घालून. पुढचा माणूस वळला तर आमच्याच गल्लीतला, भिंतीला भिंत लागून घर. तो म्हणाला, "मावशीला बघायला आलोय." मी म्हटलं, "मी पण मावशीलाच." दोघांनी एकमेकाला मावशीचा वॉर्ड नंबर विचारला नाही. येताना एकाच गाडीनं आलो, कागल येईपर्यंत कुणी बोललं नाही. त्यानंतर आमचं चांगलं जमतं.

टेस्ट काहीच नाही हो. पाच मिनिटांचं काम. ती रांग तेवढी जीव घेते.

स्पिरिट_स्वॅब
लॅब टेक्निशियन आहे, एका रक्तपेढीत. नाव-गाव विचारू नका.

धागाकर्ते, आधी एक सांगा: शेवटचा 'तसला' संबंध येऊन किती दिवस झाले? सगळा हिशोब तिथून सुरू होतो. संसर्ग झाला त्या दिवशी रक्तात काही दिसत नाही, शरीरानं त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करायला वेळ लागतो. एचआयव्हीच्या साध्या रॅपिड टेस्टला तीन महिने उलटलेले असले की निकाल पक्का धरतात. लॅबमधली चौथ्या पिढीची टेस्ट त्याआधी पकडते, साधारण सहा आठवड्यांत. याला विंडो पिरियड म्हणतात. आठ दिवसांनी टेस्ट करून 'निगेटिव्ह' म्हणून पेढे वाटणारे मी पाहिलेत.

काय मागायचं: एचआयव्ही, व्हीडीआरएल (ही गरमीची, म्हणजे सिफिलिसची), एचबीएसएजी (कावीळ बी), एचसीव्ही (कावीळ सी). या चारही एकाच वेळच्या रक्तात होतात. परमा म्हणजे गनोरिया, आणि क्लॅमिडिया, हे दोन रक्तात दिसत नाहीत. त्यांना लघवी लागते, तीसुद्धा पहिल्या धारेची, आणि त्याआधी तासभर लघवीला गेलेलं नसावं.

अनगोळचा_नाना
पहिल्या धारेची म्हटल्यावर आमच्या कट्ट्यावरचे चौघे टेस्ट करायला तयार झाले.

स्पिरिट_स्वॅब
नाना, ती नव्हे :)

मलप्रभेकाठी
शेवटचं म्हणजे मागच्या वर्षी पावसाळ्यात. वर्ष उलटून गेलं.

स्पिरिट_स्वॅब
मग विंडोची चिंता नाही. एकदाच करा, निकाल पक्का.

वडगावची_वीणा
मला कळत नाही, एवढं लपूनछपून कशाला? चांगल्या लॅबचं पॅकेज घ्यायचं, घरी येऊन रक्त नेतात, रिपोर्ट मोबाईलवर. दोनचार हजार जातात, पण मानाचं काम होतं.

शनिवार_खूट
वीणाताई, घरी येऊन? आमच्या घरी अकरा माणसं आणि एक आजी. आजीनं त्या पोराला दारातच विचारलं, "कुणाचं रक्त, कशाचं, उपाशीपोटी की जेवून?" पोरगं प्रामाणिक, कागद वाचून दाखवायला लागलं. मी जिन्यावरनं उडी मारून कागद हातातनं घेतला. व्हिटॅमिन म्हणून निभावलं.

त्याहून वाईट पुढं. त्या लॅबमध्ये आमचा जुना नंबर होता, बाबांच्या शुगरच्या वेळचा. रिपोर्ट सरळ बाबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. नशीब, त्यांनी तो न उघडता 'घरची मंडळी' ग्रुपवर टाकला नाही. माझ्यासमोर फोन धरून म्हणाले, "हे तुझं दिसतंय." बस एवढंच. सगळं निगेटिव्ह होतं, पण आजही त्यांच्यासमोर मान वर होत नाही. तेव्हा लॅब कुठलीही घ्या, नंबर आपलाच दिलाय ना ते दोनदा तपासा.

कुंदा_आणि_मांडे
पॅकेजच्या नावावर भरमसाठ टेस्ट माथी मारतात हेही लिहा कुणीतरी. मला थायरॉइड, लोह, युरिक अ‍ॅसिड सगळं आलं. ज्यासाठी गेलो होतो ती व्हीडीआरएल त्यात नव्हतीच. पैसे भरायच्या आधी यादी वाचा.

एमबीबीएस_पुरता
डॉक्टर आहे, पण या विषयातला तज्ज्ञ नाही. एक सोपी युक्ती सांगतो. गुप्तरोग आणि त्वचारोग हे एकाच डॉक्टरांचं खातं असतं, म्हणूनच पाट्यांवर 'स्किन अँड व्हीडी' लिहिलेलं दिसतं. सरकारी दवाखान्यात स्किनच्या ओपीडीत जाऊन बसा. आजूबाजूला नायटा, खरूज, कोडवाले. तुम्हाला काय झालंय हे कपाळावर लिहिलेलं नसतं. आत गेल्यावर डॉक्टरांना सांगा. 'सुरक्षा क्लिनिक' नावाची जी पाटी असते ती याच कामाची, तिथं तपासणी आणि औषध दोन्ही फुकट.

एचआयव्हीचं वेगळं केंद्र असतं, आयसीटीसी. जिल्ह्याच्या दवाखान्यात असतंच, तालुक्याला पण असतं. खानापूर नको तर गोकाक धरा, चिकोडी धरा, अथणी धरा. कोल्हापूरच कशाला? टेस्ट तीच, किट तेच, कारण वरचं खातं एकच आहे, दिल्लीचं नॅको, म्हणजे एड्स नियंत्रणाची राष्ट्रीय संस्था. पहिली रॅपिड रिअ‍ॅक्टिव्ह आली तर आणखी दोन वेगळ्या किटवर बघितल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. एका रेघेवर कुणाचा निकाल लागत नाही.

हलगीवाला
एवढं कशाला, रक्तदान करा की! शिबिरात फुकट टेस्ट होते, वर बिस्किट आणि सर्टिफिकेट. काही निघालं तर ते कळवतात.

स्पिरिट_स्वॅब
हलगीवाले, रागावू नका, पण हे वाचून माझं डोकं फिरलं.

होय, दिलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी होते. पण वर विंडो पिरियड लिहिलाय तो पुन्हा वाचा. शंका असलेला माणूस त्या काळात येऊन रक्त देऊन गेला, टेस्ट निगेटिव्ह आली, पिशवी पुढं गेली, आणि ती चढली बाळंतीण बाईला किंवा थॅलेसेमियाच्या पोराला. म्हणून तर फॉर्मवर ते लाजिरवाणे प्रश्न असतात. स्वतःच्या टेस्टसाठी रक्तदान करू नका. कधीच नको.

हलगीवाला
हा विचार केला नव्हता. चुकलं. संपादनाची सोय असती तर काढलं असतं.

अनगोळचा_नाना
राहू दे, राहू दे. आणखी दहाजणांच्या डोक्यात हेच असतं.

उचगावची_सून
मी या आयसीटीसी केंद्रात गेलेय, गरोदरपणात. गंमत सांगते. माझं शिक्षण मराठी शाळेत, कानडी अक्षर लावून लावून वाचते. दारावर पाटी होती, एकेक अक्षर जुळवलं तर निघालं 'आप्त समालोचने'. मला वाटलं आप्तेष्टांनी बसायची जागा. म्हणून सासूबाईंना म्हटलं, "तुम्ही इथं बसा, हे नातेवाईकांसाठी आहे." त्या ऐटीत आत जाऊन बसल्या. दहा मिनिटांनी बाहेर आल्या त्या लालबुंद. आतल्या बाईंनी त्यांना निरोध कसा वापरायचा ते लाकडी नमुन्यावर दाखवलं होतं.

(कानडीत आप्त समालोचने म्हणजे समुपदेशन. आता कायमचं पाठ झालंय.)

तंबाखू_निपाणी
😂😂 मी ऑफिसात आहे, लोक बघायला लागलेत.

शनिवार_खूट
सासूबाई पुढं काय म्हणाल्या ते सांगा!

उचगावची_सून
घरी येऊन सासऱ्यांना म्हणाल्या, "आमच्या वेळी असलं शिकवलं असतं तर सहा झाले नसते."

भगवा_५६
हाच तर मुद्दा आहे. मराठी माणसाच्या गावात पाटी फक्त कानडीत. फॉर्म कानडीत. आजाराची माहितीसुद्धा आपल्या भाषेत मिळत नाही. २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे आणि...

कुंदा_आणि_मांडे
भगवादादा, मुद्दा बरोबर आहे, धागा चुकीचा आहे.

अनगोळचा_नाना
रिपोर्टची वाट बघायची आपल्याला सवय आहे. १९५६ पासून बघतोय.

व्यवस्थापक
सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे, तिथं जा. इथले सात प्रतिसाद हलवले आहेत.

उचगावची_सून
भगवा_५६ यांचं एक मात्र खरं. माझ्यासोबतच्या बाईला सही कशावर केली तेच कळलं नाही. पण आतल्या ताईंनी मोडकंतोडकं मराठी बोलून सगळं सांगितलं, आणि सुई टोचताना "हेदरब्याड्री" म्हणत हात धरला. म्हणजे घाबरू नका. भाषा ती नव्हती, पण हात आपल्यातलाच वाटला.

अथणीकर_मीना
बाईमाणसाचं कुणी बोलायचं नाही का? तुम्ही पुरुष मावशीचं नाव सांगून निघता. आम्हाला बाजारात जायला पण कुणीतरी सोबत असतं.

मला वर्षभर अंगावरून पांढरं जायचं, खाज यायची. मेडिकलवाल्याकडून तीन ट्यूब झाल्या. नवरा पुण्याला कामाला, दोन महिन्यांनी येतो. माझ्या डोक्यात नको ते विचार. विचारायचं कुणाला? जाऊबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "उष्णता आहे, सब्जा खा." शेवटी तालुक्याच्या दवाखान्यात बाई डॉक्टर होत्या त्यांच्याकडं गेले, गुडघे दुखतात सांगून. त्यांनी तपासलं आणि पहिलं वाक्य हे बोलल्या: पांढरं जाणं म्हणजे दरवेळी नवऱ्याकडून आलेला आजार नसतो, बुरशीनं होतं, आतलं जंतूंचं संतुलन बिघडलं तरी होतं. हिरव्या पाकिटातलं औषध दिलं. त्यांच्याकडं रंगीत पाकिटं असतात, करडं, हिरवं, पांढरं, लाल, ज्याचा त्रास त्या रंगाचं. आठवड्यात बरं वाटलं. एचआयव्ही आणि व्हीडीआरएल पण करून घेतली, दोन्ही ठीक.

आणि नवरा आला तेव्हा त्यालाही पाठवलं. तो म्हणाला, "माझ्यावर संशय घेतेस?" मी म्हटलं, "माझं रक्त देताना मी स्वतःवर संशय घेतला होता काय?" गेला मुकाट.

वडगावची_वीणा
मीना, टाळ्या. तीस वय झालं की गर्भाशयाच्या तोंडाची तपासणीपण करून घ्या बायांनो, त्याचा विषाणूही याच वाटेनं येतो आणि बरीच वर्षं गप्प बसतो.

खडेबाजार_लीगल
चुलत्याच्या भीतीबद्दल. २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, आणि निकाल उघड करण्यावर बंदी आहे. नोकरी देण्याआधी ही टेस्ट मागता येत नाही. कर्मचाऱ्यानं बाहेर बोललं तर तक्रार करता येते.

पिरनवाडी_एक्सप्रेस
लीगलसाहेब, कायदा कागदावर गळत नाही हे मान्य. पण चहाच्या टपरीवर गळतो त्याचं काय? माझ्या ओळखीच्या एकाचं असंच फुटलं, कुणी सांगितलं हे कधीच सापडलं नाही. भाड्याची खोली सोडावी लागली. तुम्ही कलम सांगाल, घरमालक 'पोराचं लग्न आहे, खोली पाहिजे' सांगतो.

खडेबाजार_लीगल
मान्य. कलमानं खोली परत मिळत नाही. तरी तक्रार करता येते हे माहीत असावं एवढंच.

जुना_ट्रकवाला
मी इथं फारसं लिहीत नाही, टायपिंग नातू करतोय, त्याला पण ऐकू दे.

हायवेला एन.एच. चार म्हणायचे तेव्हापासून गाडी चालवली, मुंबई ते बंगळूर. आमच्या लाईनीत हा आजार पाण्यासारखा फिरला. माझा क्लीनर होता, बैलहोंगलकडचा, गाणी लई म्हणायचा. १९९९ ला वाळत वाळत गेला. तेव्हा टेस्ट करणं म्हणजे फाशीची तारीख विचारून घेणं होतं. म्हणून कुणी जात नव्हतं, मी पण नाही गेलो. पुढं ढाब्यांवर पोरंपोरी यायला लागली, पथनाट्य करायची, पत्ते खेळायच्या जागी बसून रक्त घ्यायची. एका रात्री संकेश्वरच्या पुढं गाडी लावली होती, तिथं दिलं. माझं चांगलं निघालं, का ते देवाला माहीत.

माझ्या मागं उभा होता त्याचं नाही निघालं. पण तोवर सरकारी गोळ्या फुकट सुरू झाल्या होत्या, २००४ पासून. त्यानं अजून एक दिवस चुकवलेला नाही. आता रोज एकच गोळी असते म्हणाला. मागच्या मे महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न झालं, जेवायला मी होतो. बायको निगेटिव्ह, मुलगी निगेटिव्ह. क्लीनर पाच वर्षं तगला असता तर तो पण पंगतीला असता.

तेव्हा पोरा, भिऊलालास कशाला? आता भ्यायचं दिवस गेलं.

एमबीबीएस_पुरता
आजोबांच्या मित्राचं शास्त्रही तेच सांगतं. गोळ्या नियमित असतील आणि रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नसेल, तर संबंधातून तो पुढं जात नाही.

नवाआयडी_घाईत
परवा रात्री चूक झाली. निरोध फाटला. कालपासून झोप नाही. मी पण तीन महिने थांबू काय?

स्पिरिट_स्वॅब
थांबू नका! धागा वाचत बसू नका, आत्ता उठा. टेस्टला वेळ लागतो, पण लागण टाळायच्या गोळ्या असतात आणि त्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं. मग २८ दिवस रोज. मोठ्या सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत जा, 'पेप पाहिजे' म्हणा. गोळ्या द्यायच्या की नाही ते डॉक्टर ठरवतील. रस्ता सुचत नसेल तर १०९७ लावा, फुकट नंबर आहे, नाव विचारत नाहीत.

एमबीबीएस_पुरता
+१. किती तास झाले ते कागदावर लिहून घेऊन जा, घाबरल्यावर हिशोब चुकतो.

नवाआयडी_घाईत
४१ तास. रिक्षात आहे.

अनगोळचा_नाना
पोचलास की कळव रे बाबा.

नवाआयडी_घाईत
मिळाल्या. पहिली गोळी घेतली. खूप बोलणी खायला लागतील वाटलं होतं, डॉक्टर फक्त "जेवलास का" म्हणाले. आभार.

मलप्रभेकाठी
मंडळी, महिन्यानं येतोय. कोल्हापूरला गेलो नाही. घटप्रभेपलीकडच्या एका तालुक्याला गेलो, जिथं माझं कुणी नाही. आधार कार्ड कुणी मागितलं नाही. एक नंबर दिला आणि आत त्याच नंबरानं हाक मारली. ताईंनी पंधरा मिनिटं विचारपूस केली. एचआयव्ही निगेटिव्ह, दोन्ही काविळी निगेटिव्ह.

व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह. १:१६ असं लिहिलंय. मग टीपीएचए, म्हणजे सिफिलिसची खात्री करायची दुसरी टेस्ट, बाहेर पाठवली, तीही पॉझिटिव्ह.

डॉक्टरांनी विचारलं, कधी जखम झाली होती का? मी नाही म्हटलं. मग आठवलं. मडगावात असताना एकदा खाली एक फोड आला होता, वाटाण्याएवढा, कडक, पण दुखत नव्हता. दुखत नाही म्हणून मी मलम लावून गप्प बसलो, महिन्याभरात गेला. डॉक्टर म्हणाले, तोच तो. तो जातो आणि तुम्हाला वाटतं बरं झालं. आजार रक्तात राहतो.

पेनिसिलिनचं इंजेक्शन, २४ लाख युनिटचं, आधी थोडं टोचून अ‍ॅलर्जी बघितली. कधी लागण झाली त्याचा नेमका हिशोब लागेना म्हणून तीन आठवडे, दर मंगळवारी. अर्धं या बाजूला, अर्धं त्या बाजूला. पहिल्या मंगळवारी लाल गाडीनं परत आलो, सगळी गाडी रिकामी आणि मी दांडा धरून उभा. कंडक्टर दोनदा म्हणाला, "शीट हाय की, बसा." शेवटी वैतागून म्हणाला, "नवस हाय काय?"

चुलत्याचं म्हणाल तर, गेल्या रविवारी जेवताना तोच म्हणाला, "लग्नाआधी रक्त तपासून घे रे, आमच्यात फुकट होतं, मी कागद काढून देतो." ताटातला भात घशाखाली जाईना.

आता खरा प्रश्न. डॉक्टर म्हणतात बरं होणारं आहे, तीन महिन्यांनी परत व्हीडीआरएल करा. तिला सांगू की नको?

पिरनवाडी_एक्सप्रेस
नको. बरं झालास, विषय संपला. उचगावात बातमी बेळगावात पोचायच्या आधी पोचते.

अथणीकर_मीना
सांगा. उद्या गरोदरपणात तिची व्हीडीआरएल होणार आहे, प्रत्येकीची होते. तेव्हा काही निघालं तर ती कुणाकडं बघेल? आणि टीपीएचए बरं झाल्यावरसुद्धा बहुतेकांची जन्मभर पॉझिटिव्हच राहते, बरोबर ना स्वॅबभाऊ?

स्पिरिट_स्वॅब
बरोबर. म्हणून बरं झालंय का ते टीपीएचएवर बघत नाहीत, व्हीडीआरएलच्या आकड्यावर बघतात. १:१६ म्हणजे रक्त सोळापट पातळ केलं तरी रिअ‍ॅक्शन दिसते. तो आकडा चौपट उतरून १:४ झाला की उपचार लागू पडला. त्याला सहा महिने किंवा वर्षही लागू शकतं. कागद जपून ठेवा, दरवेळी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. आणि मडगावात ज्यांच्याशी संबंध होता त्यांना निरोप पोचवता आला तर पोचवा, अवघड आहे, पण त्यांना पण तो फोड दुखला नसणार.

खडेबाजार_लीगल
कायदा बाजूला ठेवून सांगतो: सांगा.

जुना_ट्रकवाला
नातू म्हणतोय सांग. मी म्हणतो तीन सुया पुऱ्या कर, मग सांग. उभ्यानं सांगण्यापेक्षा बसून सांगितलेलं बरं.

मलप्रभेकाठी
सांगितलं. कॅम्पात झाडाखाली, गाडीवर बसून. कागद दाखवला. ती बराच वेळ तो वाचत होती, मागची बाजूही बघितली, जणू तिथं आणखी काही लिहिलंय. मग विचारलं, "किती जणी?" मी खरं ते सांगितलं. मग गप्प. दोन दिवस फोन नाही, मेसेजवर दोन निळ्या खुणा तेवढ्या.

काल रात्री फोन आला. म्हणाली, तीन महिन्यांचा तो आकडा बघितल्याशिवाय मी अक्षता पडू देणार नाही. घरी काय सांगायचं ते तू बघ, आजार हा शब्द काढायचा नाही, आणि माझ्या बाबांना पटेल असं कारण पाहिजे.

तर मंडळी, लग्न तीन महिने पुढं ढकलायला कारण सुचवा. सुतक नको, आमच्याकडं सगळे धडधाकट आहेत.

उचगावची_सून
उचगावचे बाबा म्हणजे कारण भक्कम लागणार. तुमच्या राशीला काहीतरी काढा.

अनगोळचा_नाना
कार्यालय मिळेना म्हणून सांग. दिवाळीनंतर बेळगावात खरंच मिळत नाही.